गव्हाणीचा चौथा पाय

हाताने काहीतरी करून पाहावे असे वाटण्याचे वय माणसाच्या आयुष्यात फार लवकर येते. समाज वेळीच सावध असला तर ते कुणाचे फारसे नुकसान न करता निघूनही जाते. आपला समाज या बाबतीत पूर्वीपासून सावध होताच. पण देशाची दारे उघडली, बाहेरून नव्या गाड्या, नवी बिस्किटे आणि नवे अभ्यासक्रम आत आले, तेव्हापासून ही सावधगिरी शास्त्रशुद्ध झाली.

नोएडाच्या ज्या सेक्टरात इमारतींना आधी इंग्रजी नावे मिळाली आणि मागाहून पाणी, तिथे होली कार्पेंटर प्रायमरी स्कूल ही शाळा होती. शाळा ख्रिस्ती संस्थेची. प्रभू येशू सुताराच्या घरात वाढले, स्वतः लाकूडकाम करत, म्हणून संस्थापकांनी श्रद्धेने हे नाव दिले. पालकांना ते फार आवडले. पुण्या-मुंबईहून कंपनीच्या नोकरीवर आलेली सुशिक्षित माणसे आपल्या मुलाला 'पवित्र सुतार शाळेत' घालण्यासाठी भर थंडीत पहाटेपासून रांगेत उभी राहिली नसती. होली कार्पेंटरसाठी राहिली. नावाचे भाषांतर न करण्यातच त्या नावाचे पावित्र्य होते.

मुख्याध्यापिका वैजयंती थोरात मॅडम मूळच्या अहमदनगरच्या. त्यामुळे आसपासच्या मराठी कुटुंबांना ही शाळा आपली वाटे. (आपली वाटणे म्हणजे शाळेविषयीची तक्रार मराठीतून करता येणे.)

आणि याच शाळेत गुणवंत साळवे सर होते. तेही नगरचेच, मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेले, मग चित्रकलेची परीक्षा दिलेले, आणि मग एका भाच्याच्या लग्नासाठी दिल्लीला येऊन इथेच राहून गेलेले. वय साठीला टेकलेले, मार्चमध्ये निवृत्ती. हस्तकला हा त्यांचा विषय. त्यांची शिकवण्याची पद्धत आजच्या दृष्टीने पाहता अगदीच मागासलेली होती: ते मुलांना वस्तू करायला सांगत. एखाद्याचा खिळा वाकडा गेला की ते रागावत नसत. म्हणत, "आत गेला ना? झालं तर. आता त्यालाच विचार, कुठे वळलास म्हणून." आणि मुले खरोखर खिळ्याला विचारत. फळीला कान लावून. पाहणीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्याने हे दृश्य पाहिले आणि शेऱ्यात फक्त 'वर्ग हवेशीर' एवढेच लिहिले.

मग सुधारणा आल्या. दिल्लीहून एक सल्लागार आले, त्यांनी दोन दिवस शाळेचा चहा घेतला आणि हस्तकला या विषयाचे नाव 'आर्ट अँड डिझाइन टेक्नॉलॉजी' असे ठेवले. नावात टेक्नॉलॉजी आल्याबरोबर विषयाची इज्जत वाढली. पालकसभेत ज्या विषयाच्या टेबलाकडे कुणी फिरकत नसे तिथे आता बाप टाय लावून येऊ लागले. गुणविभागणीही नवी आली. गरज ओळखणे, वीस गुण. संशोधन, वीस. कल्पना व आराखडा, वीस. सादरीकरण, पंचवीस. मूल्यमापन, दहा. निर्मिती, पाच. (निर्मिती ऐच्छिक. वेळ उरल्यास.)

सुरक्षेचाही विचार झाला. जुन्या कात्र्या जाऊन गोल टोकाच्या नव्या कात्र्या आल्या. त्यांच्या डब्यावर, या कात्रीने कोणतीही इजा होत नाही कारण ती काहीही कापत नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. 'काहीही'मध्ये कागदही आला. हातोडी, पटाशी आणि रंधा माळ्यावर गेले. करवत थोरात मॅडमच्या कपाटात, खेळांच्या ढालींच्या मागे गेली. परिणाम तत्काळ दिसला. पूर्वी वर्षाला चार-पाच बोटे खरचटत, ती संख्या शून्यावर आली. पूर्वी वर्षाला दीडदोनशे वस्तू तयार होत, तीही शून्यावर आली. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात दाखवावेत असे मात्र कुणाला वाटले नाही.

गुणवंत सरांनी या सगळ्याला विरोध केला नाही. ते फार सोशीक गृहस्थ. मुले पुठ्ठ्यावर 'चमच्याची गरज' लिहीत असताना ते वर्गात फिरत आणि एखाद्या मुलाचा पेन्सिल धरलेला हात नुसताच दाबून सरळ करत. पण जाण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, एका वर्गाने एक खरी वस्तू करावी, एवढी एक हाव त्यांच्या मनात राहिली होती. आणि हाव ही सोशीक माणसाच्या मनात शिरली की भाडेकरूसारखी असते, निघत नाही.

संधी आली ती नाताळात.

शाळेचा एक जुना रिवाज होता. नाताळच्या कार्यक्रमात बाळ येशू म्हणून बाहुली ठेवायची नाही. शाळेतल्या एखाद्या मुलाचे धाकटे भावंड, खरेखुरे, गव्हाणीत निजवायचे. मग ते हिंदू असो, ख्रिस्ती असो, शीख असो. (एका वर्षी बाळ येशूला जुळा भाऊ होता. तोही ठेवला. कुणी हरकत घेतली नाही.) या वर्षीचा मान तिसरीतल्या मैत्रेयीच्या सहा महिन्यांच्या भावाला, शार्दूलला मिळाला होता. मैत्रेयीचे वडील हरीश एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत, आई रेवती घरी आणि रजेवर.

सरांनी थोरात मॅडमना विचारले, "या वर्षी गव्हाण तिसरीच्या मुलांनी केली तर? लाकडाची. बाळाला पेलेल अशी."

मॅडमनी कपाटातल्या ढालींकडे पाहिले. त्यांनाही लहानपणी नगरला सरांसारख्याच कुणी खिळा ठोकायला शिकवले असावे. "करवत मी देते," त्या म्हणाल्या, "पण नियम करावे लागतील हो."

नियम झाले. करवत शिक्षकाच्याच हातात राहील. हातोडी हळुवारपणे वापरावी. खिळ्याचे टोक कुणाच्याही दिशेने नसावे (म्हणजे ते खिळ्याच्या आतच असावे). लाकडाचा भुसा जमिनीवर पडू देऊ नये.

लाकूड आले सफरचंदांच्या पेट्यांचे, आझादपूर मंडीतून. वर्गात पहिल्याच दिवशी मैत्रेयीने हात वर केला. दिल्लीत वाढलेली मुलगी, घरात मराठी बोलायची, पण तिची पुष्कळ मराठी सामानाबरोबर पुण्यातच राहून गेली होती.

"सर, गव्हाण म्हणजे?"

सरांनी तिला खिडकीशी नेले. शाळेच्या भिंतीपलीकडे बिल्डरने अजून न घेतलेला शेताचा एक तुकडा होता आणि त्यात एक गोठा. नियमाप्रमाणे 'संशोधन' करायचे म्हणून आदल्या आठवड्यातच वर्गाने कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन गोठ्याची चित्रे पाहिली होती. स्वित्झर्लंडची. खिडकीतून कुणी पाहिले नव्हते, कारण खिडकीला गुण नव्हते.

"ती म्हैस तोंड घालून खातेय ना, ती गव्हाण."

"शी! त्यात बाळ?"

"हो. येशूच्या आईवडिलांना गावात दुसरीकडे कुठे जागाच मिळाली नाही."

मैत्रेयीने थोडा विचार केला. "मग आपण चांगली बनवू या. शार्दूलला टोचायला नको."

गरज ओळखण्याचे वीस गुण तिला तिथल्या तिथे द्यायला हवे होते. पण त्यासाठी तक्ता काढावा लागतो, तो तिने काढला नव्हता.

"पण सर, नक्की ना? शार्दूल याच्यातच झोपणार ना?"

"याच्यातच," सर म्हणाले. "शब्द दिला." ते सहसा शब्द देत नसत. शिक्षकाने शब्द देऊ नये, परिपत्रक येण्याची वाट पाहावी, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवे होते.

कामाला लागल्यावर पहिल्याच नियमापाशी गाडी अडली. करवत शिक्षकाच्याच हातात राहील. सरांनी तो नियम दोनदा वाचला आणि तंतोतंत पाळला. त्यांनी करवत आपल्या हातात धरली. मुलांनी सरांचा हात धरू नये, असे त्यात कुठेच म्हटलेले नव्हते.

मग तिसरीचा वर्ग सरांच्या हाताला लोंबकळला. एक एक जण पुढे येई, सरांच्या मनगटावर दोन्ही पंजे ठेवी आणि ओढी. गौरव नावाचा एक मुलगा सारखा ओरडत होता, "सर, अब मेरी बारी! इसने दो बार काटा!" सर हात अगदी सैल सोडत. मूल जिकडे नेईल तिकडे करवत जाई. रेघ पेन्सिलीने आखलेली होती. पण करवत ही रेघेपेक्षा मुलावर जास्त विश्वास ठेवणारी वस्तू आहे. सर म्हणत, "घाई नको. ती आपलं काम करते, आपण फक्त सोबत जायचं." भुसा जमिनीवर पडू नये म्हणून मुलांनी तो ओंजळीत झेलला आणि खिशात भरला. त्या आठवड्यात सेक्टरातल्या बऱ्याच वॉशिंग मशीन बिघडल्या.

गव्हाण तयार झाली. काचपेपरने इतकी घासली की गालाला लावून पाहावी. फक्त एका बाजूच्या फळीवर सफरचंदाचा छापील शिक्का राहिला, तो काही जाईना. आणि चार पायांपैकी तीन जमिनीला टेकत. चौथा पाय मैत्रेयीने कापला होता. तो टेकावे की नाही याचा विचार करत असे.

शनिवारी हरीश तिला न्यायला आला तेव्हा वर्ग गव्हाणीभोवती उभा होता.

"सर, मैत्रेयी म्हणते ती करवत चालवते."

"छे. करवत मी चालवतो. ती माझा हात चालवते."

"यार सर, प्लीज. टेक्निकली ठीक आहे, पण पॉइंट समजून घ्या ना. स्वतः बनवणं आजकाल कोण करतं? सगळी व्हॅल्यू डिझाइनमध्ये आहे. बनवणारे काय, कुठेही मिळतात."

"अच्छा. म्हणजे तुमच्या ऑफिसात डिझाइन होतं?"

"नाही, डिझाइन अमेरिकेतून येतं. आम्ही ते बनव..." हरीश थांबला. पुढे काय झाले असते सांगता येत नाही. पण तेवढ्यात त्याचा नवा मोबाइल वाजला आणि मोठी हानी टळली.

फोन ठेवून त्याने गव्हाणीला बोट लावले. ती डुगडुगली.

"बघा. चीफ गेस्ट येणार, फोटो येणार. लोक म्हणतील इतक्या मोठ्या शाळेत एक सरळ खोका करता येत नाही."

"पाय सरळ करून घेऊ," सर म्हणाले. "तीच करेल. सोमवारी."

पण सोमवारपर्यंत पालकांची उत्सव समिती बसली. (समितीची गरज ओळखण्याचे काम समितीनेच केले.) ठराव झाला की मुलांच्या भावनांचा पूर्ण आदर राखून गव्हाण पालकांनी करावी. करवतीचे काम संपल्याने ती कपाटात परत गेली. चौथा पाय तसाच राहिला.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मराठी पुरुषाला बाकी काही येवो न येवो, थर्माकोल येतो. गणपतीच्या मखरांवर त्याचे बालपण गेलेले असते. पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये हरीश आणि त्याचे पाच-सहा मित्र जमले, तापलेल्या तारेने थर्माकोल कापू लागले, आणि कंपनीत माणसांना कामावरून काढणारे ते गंभीर लोक बघता बघता विरघळले. "अरे सावकाश, कमान तुटेल!" "तुला सांगतो, आमच्या गल्लीत एकदा अख्खा राजवाडा केला होता, पहिलं बक्षीस!" "चल, खोटारड्या, तुमच्या गल्लीत बक्षीस कोण देतं?" कुणाच्या कपाळाला फेव्हिकॉल, कुणाच्या भुवईवर पांढरे कण. मुले बघायला आली, पण तार गरम असल्याने त्यांना बाहेर काढण्यात आले.

गुणवंत सर दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांना रागावायचे होते, पण जमेना. गेली कित्येक वर्षे त्यांना वर्गात जशी मुले हवी होती, अगदी तशीच ती होती. फक्त पस्तिशीची.

थर्माकोलची गव्हाण सुरेख झाली. लाकडाचा रंग, लाकडाच्या रेषा, गाठीसुद्धा. मागे मोरांची कमान (हात सवयीने तिकडे वळले असावेत) आणि कमानीमागे फिरणारे रंगीत दिव्यांचे चक्र. चारही पाय जमिनीला टेकलेले. सरांनी कौतुकाने मान हलवली, अंगठा टेकवला आणि विचारले, "वजन किती घेईल?"

"वजन?"

"बाळ ठेवायचंय ना यात."

हरीशने मित्रांकडे पाहिले. मित्रांनी गव्हाणीकडे पाहिले. "सर, ते रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं."

बाळाचे वजन रेवतीला पाठ होते: साडेसात किलो. आता एवढ्या वजनाची वस्तू शाळेत कुठून आणायची, असा प्रश्न पडला नाही. तिसरीच्या मुलाचे दप्तर आणि सहा महिन्यांचे बाळ यांचे वजन साधारण सारखेच भरते, ही सोय आपल्या शिक्षणपद्धतीने आधीच करून ठेवली आहे. मैत्रेयीचे दप्तर आणले. आधी ते मुलांच्या गव्हाणीत ठेवले. ती डुगडुगली, आणि राहिली. मग ते थर्माकोलच्या गव्हाणीवर नुसते टेकवले. 'कर्र' असा आवाज आला आणि एक मोर खाली पडला.

तातडीची सभा झाली. आपल्याला वाटेल की सभेपुढे दोन गव्हाणी होत्या, एक पेलणारी आणि एक न पेलणारी, तेव्हा निर्णय सोपा असावा. आपल्याला असे वाटत असेल तर आपण कधी समितीवर काम केलेले नाही. समितीने क्रमाने विचार केला. कमान तयार आहे. दिवे तयार आहेत. निमंत्रणपत्रिकेसाठी गव्हाणीचा फोटो छापायला गेला आहे. म्हणजे आराखड्यात बदल शक्य नाही. मग बदल शक्य असलेला घटक कोणता? सगळ्यांनी रेवतीच्या मांडीवरच्या शार्दूलकडे पाहिले. तो मूठ चोखत होता.

ठराव असा: प्रस्तुत बाळ आराखड्याच्या तुलनेत जड असल्याने या वर्षापासून बाहुली वापरावी.

"बिल्कुल ठीक," कुणीतरी म्हणाले. "बाहुली रडतपण नाही."

थोरात मॅडमनी सही केली, पण सरांकडे पाहिले नाही. सर म्हणाले, "मॅडम, मी एका मुलीला शब्द दिलाय." त्यावर शब्दाला पर्याय म्हणून मैत्रेयीला तिसरीच्या वर्गाच्या नाताळ-नाटकात मेंढपाळाची भूमिका देण्यात आली. तिसरा मेंढपाळ. संवाद नाही.

त्या मूळच्या कथेत बाळाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून ते गव्हाणीत निजले. नोएडाने त्यापुढचे पाऊल टाकले होते. आता गव्हाणीतही जागा नव्हती.

सरांनी मैत्रेयीला स्वतः सांगितले. जिन्यावर, तिच्या शेजारी बसून. ती रडली नाही. तिने फक्त विचारले, "मग आपली कुठे ठेवणार?"

"पडद्यामागे. सामानाच्या खोलीत."

"म्हणजे ती पण रद्द?"

सरांनी तिची एक सुटलेली बुटाची नाडी बांधली. हातांना काहीतरी काम हवे होते.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पुढे चीफ गेस्ट, त्यामागे कॅमेरे, त्यामागे पालक. मुलांची गव्हाण पडद्यामागच्या खोलीत होती. तिच्यात देवदूतांचे जादा पंख ठेवले होते. गुणवंत सर तिथेच, कोणाला काठी, कोणाला मुकुट देत होते.

लाऊडस्पीकर सुरू झाला आणि शार्दूलने हॉलमध्ये भोकाड पसरले. रेवतीला नम्रपणे बाहेर जाण्यास सुचवण्यात आले. (ज्याच्या वाढदिवसाला सगळे जमले होते त्याची भूमिका करण्यासाठी निवडलेल्या बाळाला, आवाज करतो म्हणून.) ती त्याला घेऊन मागे आली.

"सर, हात भरून आले हो. याला कुठे ठेवू? खाली लादी गार आहे."

सरांनी पंख बाजूला केले. गळ्यातला मफलर काढून गव्हाणीत अंथरला. रेवतीने बाळ ठेवले. गव्हाण चौथ्या पायावर गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"सर, ही हलतेय."

"हो. चौथा पाय जरा आखूड आहे. थांबा, खाली कागद सारतो."

"नको नको! थांबवू नका तिला," रेवती कुजबुजली. शार्दूलची मूठ तोंडातून सुटली. डोळे मिटले.

सर त्या पायाकडे पाहत राहिले. सोमवारी ते तो सरळ करणार होते.

मैत्रेयी विंगेतून डोकावली. हातात काठी, डोक्याला पंचा. तिने पाहिले आणि तिची वेळ झाल्याने ती स्टेजवर गेली.

स्टेजवर देवदूत बनलेल्या गौरवने पंख सावरत पाठ केलेले वाक्य म्हटले, "जाओ मेंढपाळो, बाळ गव्हाणीत झोपला आहे, जाऊन त्याला शोधो!" (मराठी पालकांच्या आग्रहास्तव तेवढा भाग मराठीत ठेवला होता.) तालमीत शिकवल्याप्रमाणे तिसऱ्या मेंढपाळाने उजवीकडे, मोरांच्या कमानीकडे जायचे होते. तिसरा मेंढपाळ उभा राहिला. त्याने उजवीकडे पाहिले. तिथे थर्माकोल होता आणि आत दुकानातून आणलेली गुलाबी बाहुली. मग आठ वर्षांच्या माणसाला जाऊन बाळ शोध असे सांगितले की तो जे करतो तेच त्याने केले. तो डावीकडे वळला आणि चालत पडद्यामागे गेला.

पुढच्याच्या मागे जायचे, अशी तालीम मेंढपाळांना होती. ते गेले. मेंढरांना तीच तालीम होती. तीही गेली. तीन राजे ताऱ्यामागून जात होते, तारा धरलेली मुलगी मेंढरांमागून गेली, राजे गेले. शेवटी देवदूतही, आत काय चाललेय ते बघायला, पंख तिरके करून गेला. मरिया आणि योसेफ मात्र बाहुलीशेजारी बसून होते. पण योसेफाने मरियेला कोपर मारले आणि ती दोघेही उठली.

सामानाच्या खोलीत तिसरीचा अख्खा वर्ग गव्हाणीभोवती गुडघ्यांवर बसला. कुणी सांगितले नव्हते. गौरव सरांच्या कानाशी म्हणाला, "सर, ये वाला टुकड़ा मैंने काटा था." सरांनी त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या बोटांनी गव्हाणीला हलकेच झोका दिला.

स्टेजवर आता एक बाहुली, दोन मोर आणि फिरणारे दिवे होते. दिवे फार सुंदर फिरत होते. चीफ गेस्टना वाटले हीच आधुनिक मांडणी, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. हरीशने हँडीकॅमवर ते सगळे नीट टिपले. तिसऱ्या रांगेतून, दिव्यांचे चक्र पाहून भारावलेला एक आवाज सवयीने उठला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

नंतर मूल्यमापन झाले. थर्माकोलची गव्हाण संपूर्ण कार्यक्रमात अभंग राहिली (तिला कुणीही हात लावला नाही), म्हणून समितीचे अभिनंदन करण्यात आले. पुढील वर्षी मेंढपाळांच्या डाव्या बाजूस दोरी बांधावी असे ठरले. मैत्रेयीला निर्मितीत पाचपैकी शून्य मिळाले, कारण चौथा पाय आराखड्याबरहुकूम नव्हता. गव्हाणीने बाळाला झोपवले, हा गुण मान्य करण्यात आला. पण तो आराखड्यात नसल्याने त्याला गुण देता आले नाहीत.

मार्चमध्ये गुणवंत सर निवृत्त झाले. निरोपाला शाळेने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले. लाकडासारखे दिसणाऱ्या प्लॅस्टिकचे. त्यांनी ते पुष्कळ वेळ हाताने चाचपून पाहिले आणि म्हणाले, "छान आहे." करवत अजून ढालींच्या मागे आहे.

गव्हाण रेवतीने हट्टाने घरी नेली. शार्दूलचे पाय बाहेर येईपर्यंत तो तीतच झोपला. आता ती त्यांच्या गॅलरीत आहे. मासिके, पुरवण्या, वाचून झालेले सगळे तीत जाते. हरीशने एकदा चौथा पाय सरळ करायला माणूस बोलावला होता. मैत्रेयीने त्याला दारातूनच परत पाठवले.

आपण मात्र काळजी करू नये. हे वाचताना ज्या खुर्चीवर बसला आहात ती जरा हलवून पाहा. चारही पाय जमिनीला नीट टेकत असतील, तर अभिनंदन. आपल्या मुलांनी तिला हात लावलेला नाही.